विचार करून कळवतो

माझा नवरा बिनकामाचा नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक मलाच म्हणायचे, अशा माणसाशी लग्न केलंसच कशाला. अल्पेश लिफ्ट दुरुस्त करतो. साकीनाक्याला त्याच्या कंपनीचं ऑफिस आहे आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठेही लिफ्ट अडकली की आधी ह्याचा फोन वाजतो. एकदा एका टॉवरमध्ये दोन मजल्यांच्या मधे नवरदेव अडकला होता, फेट्यासकट. बाहेर त्याची आई छाती बडवत होती, वॉचमन देवाचं नाव घेत होता, आणि हा पठ्ठ्या वरून डोकावून शांतपणे विचारत होता, मुहूर्त कितीचा आहे? मुहूर्ताच्या आत नवरा बाहेर काढला. घाम नाही की आरडाओरडा नाही.

पण ह्याच माणसाला चपलेच्या दुकानात उभा करा. काळी घेऊ की तपकिरी, एवढाच प्रश्न असतो. हा दोन्ही घालून बघणार, दुकानात दहा पावलं चालणार, शेजारच्या दुकानात भाव विचारून येणार, आणि शेवटी दुकानदाराला म्हणणार, विचार करून कळवतो. चपलेचं कोण कळवतं हो? एकदा पायातली जुनी चप्पल त्या दुकानातच तुटली, तरी हा विचार करून कळवतो म्हणून अनवाणी घरी आला. पायाला डांबर लागलेलं मी घासून काढलं.

आमच्या मुलीच्या बारशाला तर कमालच झाली. ह्याची बहीण पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात नाव सांगायला, आणि नाव काय सांगायचं म्हणून ह्याच्याकडे बघत राहिली. हा म्हणाला, दोन मिनिटं. मागे बायका तिच्या पाठीत बुक्के घालायला हात उगारून तयार. दोन मिनिटांची दहा झाली. शेवटी बिचारीची कंबर धरली आणि तोंडाला आलं ते नाव सांगून ती मोकळी झाली. म्हणून आमची रोशनी ही रोशनी आहे. नाहीतर आज तिसरीत जाऊनही ती बाळच राहिली असती.

तर अशा माणसाला घर घ्यायचं होतं. मुंबईत. कर्ज काढून.

आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले. खाली एक खोली, मागे मोरी, वर पोटमाळा. खाली सासूबाई आणि धाकटा दीर कृणाल, पोटमाळ्यावर आम्ही तिघं. पोटमाळ्यावर मला ताठ उभं राहता येत नाही. लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी वाकून साडी किंवा ड्रेस घालते, आणि अंधेरीच्या लॅबमध्ये जाऊन लोकांची रक्तं काढते. घरीही तेच करतेस, असं अल्पेश म्हणतो. म्हणू दे. कृणालचं लग्न पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातलं ठरलं आणि पोटमाळा त्याला द्यायचा हे त्याच बैठकीत ठरून गेलं. त्यात वावगं काही नव्हतं. आता आम्ही मेच्या आत कुठेतरी जाणं भाग होतं.

तेव्हा सासूबाईंनी तोंड उघडलं. सोनूबाई त्यांचं नाव, पण मी धरून सगळे त्यांना आयेच म्हणतो. आयेने चाळीसेक वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली, अजूनही विकते. तिने आयुष्यभर बँकेत टाकलेलं सगळं अल्पेशच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, घर घे, भाड्याच्या घरात नातीला नेऊ नको. मी आनंदाने रडले. अल्पेशचा चेहरा मात्र लिफ्टची दोरी तुटल्यासारखा झाला.

त्याला कारण होतं, आणि ते कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. अल्पेश दहावीत असताना त्याचे वडील रामचंद्र ह्यांनी मालाडच्या पलीकडे एका नव्या इमारतीत घर बुक केलं होतं. होतं नव्हतं ते भरलं. बिल्डरने खड्डा खणला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, आणि बिल्डर गेला तो गेलाच. लोक म्हणायचे, रामचंद्र होडीचा तांडेल, समुद्रावर वाट चुकला नाही आणि जमिनीवर बुडाला. ते ऐकून घ्यायचे, काही बोलायचे नाहीत. पुढे वारेपर्यंत तो डाग त्यांच्या नावावर राहिला. अल्पेशने कॉलेजचा विचार सोडून आयटीआय केलं ते त्याच वर्षी. त्यामुळे आता आयेचा पैसा हातात आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आये एकदा बुडालीय. दुसऱ्यांदा माझ्या हातून बुडाली तर मी तिला तोंड कसं दाखवू? हे तो मला एकदाच बोलला, पोटमाळ्यावर, भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण हात ठेवून घर मिळत नाही.

घर घेणं म्हणजे एक निर्णय, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. तो कांदा असतो. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा, आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. तयार घर की बांधकाम चालू असलेलं? बांधकाम चालू म्हटलं की अल्पेशला तो खड्डा आठवायचा, आणि तयार घराचा भाव ऐकला की पुन्हा बांधकाम चालू असलेलं बरं वाटायचं. कर्ज वीस वर्षांचं की तीसचं? वीसचं घेतलं तर हप्ता जड, तीसचं घेतलं तर फिटेपर्यंत रोशनीची मुलं शाळेत. घर कोणाच्या नावावर? बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी एक टक्का कमी पडते म्हणे. मग कुठल्या बाईच्या? माझ्या केलं तर आयेला काय वाटेल, आयेच्या केलं तर बँक विचारणार वय काय. ह्या एका टक्क्यावर आम्ही अख्खी दिवाळी भांडलो.

बँकेत ऋतिका नावाची एक मुलगी होती, गोड बोलायची. तिने विचारलं, सर, व्याज फिक्स्ड हवं की फ्लोटिंग? फ्लोटिंग म्हणजे काय, ह्याने विचारलं. ती म्हणाली, वर जाऊ शकतं, खालीही येऊ शकतं. अल्पेशने गंभीरपणे विचारलं, बटण कोणाच्या हातात असतं? ती पोरगी हातातला फॉर्म उलटसुलट करून बघू लागली. हा म्हणाला, विचार करून कळवतो. बाहेर येऊन मला सांगतो, ज्याचं बटण कोणाकडे आहे तेच माहीत नाही त्यात आपण तिघं बसायचं?

कार्पेट आणि बिल्टअपचा घोळ मी आयेला समजावून दिला. म्हटलं, आये, पापलेट तोलताना केवढं असतं आणि डोकं, शेपटी, पोट काढल्यावर कढईत केवढं पडतं? ते कढईतलं म्हणजे कार्पेट. तिला एका वाक्यात कळलं. अल्पेशला मात्र कळूनही उपयोग नव्हता, कारण त्याने फोनवर एक तक्ता केला होता. त्यात प्रत्येक घराचा भाव, कार्पेट, मेंटेनन्स, पाणी, पार्किंग, स्टेशनपासूनचं अंतर, आणि शेवटच्या रकान्यात लिफ्ट. आमच्याकडे साधी स्कूटर नाही, पण पार्किंग हवं. त्याच्या ऑफिसातला गिल्बर्ट रोज नवा सल्ला द्यायचा. गिल्बर्ट वाकोल्याच्या गावठाणात आजोबांच्या घरात राहतो, जन्मात कधी घर घेतलं नाही, त्यामुळे त्याचा सल्ला फार ठाम असायचा. तो म्हणाला थांब, भाव पडतील. मग म्हणाला आत्ता घे, भाव चढतील. दोन्ही सल्ले तक्त्यात गेले.

आमचा एजंट भीमराज. बापडा पहिल्या दिवशी आला तेव्हा उमदा माणूस होता. वर्षभरात अल्पेशने त्याला म्हातारा केला. घर बघायची ह्याची पद्धत ठरलेली. वर जाताना जिना चढायचा, भिंतींना भेगा बघायला. खाली येताना लिफ्टने यायचं, आवाज ऐकायला. मुलुंडचं घर चांगलं होतं, मोकळं, हवेशीर. खाली येताना लिफ्टने खट् केलं आणि ते घर गेलं. बोरिवलीच्या घराची लिफ्ट अजिबात आवाज करत नव्हती. हा म्हणाला, इतकी गप्प लिफ्ट म्हणजे काहीतरी लपवतेय. तेही गेलं. भांडुपला एक एजंट आधी विचारू लागला, फॅमिली व्हेज आहे ना? आयेच्या थाटात मी म्हटलं, सोमवारी आणि गुरुवारी आहोत. तिथे आम्हाला जिनासुद्धा चढू दिला नाही. प्रत्येक वेळी भीमराज खाली गेटपाशी उभा, हा लिफ्टमधून बाहेर येणार, आणि हात जोडून म्हणणार, विचार करून कळवतो. फेब्रुवारी संपला. कृणालने पोटमाळ्याचं माप घ्यायला सुतार आणला, तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

आता इथे आयेची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आये भवानी पाळते. सगळेच दुकानदार थोडीफार पाळतात, पण आयेसारखी भवानी पाळणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे देव. त्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, त्याने कितीही पाडून मागितलं तरी नाही म्हणायचं नाही, फार तर हसून तोंड वाकडं करायचं. पहिला पैसा कपाळाला लावायचा, टोपलीला लावायचा. इथपर्यंत ठीक आहे. पण आये उलट बाजूनेही पाळते. ती स्वतः कोणाचं पहिलं गिऱ्हाईक झाली तर काही घेतल्याशिवाय उठत नाही. म्हणते, समोरच्याचा दिवस आपण कशाला नासवायचा? त्यामुळे सकाळी तिला दुकानाजवळून नेताना सांभाळावं लागतं. शटर वर जाताना दिसलं की गेलं. आमच्या घरी न लागणाऱ्या साइजच्या कुकरच्या रिंगा आहेत, पुरुषांची छत्री आहे, आणि एक भिंतीवरचं घड्याळ आहे ज्याला लावायला भिंत नाही. एकदा ती दाताच्या डॉक्टरकडे नुसतं दाखवायला गेली होती. तोंडावर हात ठेवून घरी आली. पहिली पेशंट होती, दात काढून आली.

हे सगळं मी वर्षानुवर्षं सोसलं होतं. त्या दिवशी सुतार गेल्यावर पहिल्यांदाच मला वाटलं, हे कामाला येईल.

मी भीमराजला गुपचूप फोन केला. म्हटलं, घाटकोपरचं ते घर नवीनच विकायला आलंय ना, अजून कोणी बघितलेलं नाही, ते रविवारी सकाळी नऊला दाखव. तो म्हणाला, वहिनी, साहेब तर संध्याकाळी बघतात. मी म्हटलं, साहेब संध्याकाळी बघतात कारण नाही म्हणून लगेच घरी येऊन झोपता येतं. नऊ म्हणजे नऊ. आणि रविवारी सकाळी मी आयेला म्हटलं, चला, आज तुम्हीपण घर बघायला. अल्पेशने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण आई यायला निघाली तिला तो नको कसा म्हणणार? वर्सोव्याहून मेट्रोत बसलो आणि बसल्या जागेवरून थेट घाटकोपरला उतरलो. आयेला ते फार आवडलं. म्हणाली, म्हंजे मना बाजारातून यायला किती सोपा.

इमारत जुनी, सहा मजली, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. अल्पेशने ठरल्याप्रमाणे आम्हाला जिन्याने वर नेलं. आये प्रत्येक मजल्यावर थांबून श्वास घेत होती आणि हा भिंतींवर हात फिरवत होता. चौथ्या मजल्यावर चंद्रप्रकाशशेठने दार उघडलं. हसतमुख माणूस, कपाळाला गंध. घाटकोपरलाच त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, बाप-आज्यापासूनचं. मुलगा नाशिकला, दुकान चालवायला कोणी नाही, म्हणून गेल्या वर्षी दुकान विकलं आणि आता घरही विकून मुलाकडे जाणार होते. घर लहानसंच होतं, हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. पण स्वयंपाकघराला खिडकी होती, आणि मी छताकडे पाहिलं तर छत कुठच्या कुठे वर होतं. मी तिथेच मनात डबे लावायला सुरुवात केली.

आये सोफ्यावर बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो घराबद्दल नव्हता. आमच्या आधी कोणी आलं होतं का? शेठ म्हणाले, नाही माताजी, घर ह्याच आठवड्यात काढलं विकायला, तुम्हीच पहिल्या. आयेने पदर सावरला, मांडी घालून नीट बसली, आणि मी समजले, काम फत्ते. आता ही बाई ह्या घराला हो म्हटल्याशिवाय उठत नाही.

मी विसरले होते ते एवढंच, की शेठही दुकानदार होते.

शेठनी भाव सांगितला, अठ्ठ्याऐंशी लाख. आयेने मच्छीबाजारात म्हणावं तसं शांतपणे म्हटलं, साठ. भीमराजच्या हातातला कप बशीवर आपटला. अल्पेशने डोळे मिटले. मी शेठच्या तोंडाकडे बघत होते, आता हा माणूस आम्हाला दार दाखवतो. पण तसं झालं नाही. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, चहा अजून घ्या ना थोडा. चहा आला. भीमराजने हळूच विचारलं, शेठ, मग भावाचं? शेठचा आवाज अगदी रडवेला झाला होता. ते म्हणाले, "सकाळचा टाइम आहे, पहिला गिऱ्हाईक आहे. नाही कसा बोलणार मी? एक वर्ष झालं, माझ्या हाताला बोहनी नाही लागली."

घ्या. म्हणजे ही उठू शकत नाही आणि तो नाही म्हणू शकत नाही. साठला हो म्हणणं तर कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि ती काढणारा माणूस आतच बसला होता.

दहा वाजले, साडेदहा वाजले. शेठनी आम्हाला त्यांच्या दुकानाचे फोटो दाखवले. आयेने बोंबलाच्या भावाची तक्रार केली. शेठना बोंबील म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी त्यांनी भाव फार आहे असं कबूल केलं. तिसऱ्यांदा चहा आला. अल्पेश फोनवर आकडे टाकत होता, पुसत होता, पुन्हा टाकत होता. मला दिसत होतं, तो मधूनमधून आयेकडे बघत होता, तिच्या हाताकडे, माशांचे काटे लागून लागून झालेल्या त्या बोटांकडे. शेवटी तो उठला आणि हात जोडून म्हणाला, शेठ, आम्ही विचार करून कळवतो. आयेने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला. भवानी हाय, म्हणाली, असा उठू नको. पाच मिनिटांनी तो पुन्हा उठला, तिने पुन्हा बसवला. शर्टाचं एक बटण गेलं. तेवढ्यात आतून शेठाणी बाहेर आल्या. त्या सांगत होत्या की भाव काय व्हायचा तो होऊ दे, पण डाळ किती जणांची टाकू तेवढं कोणीतरी सांगा.

आणि अल्पेश फुटला. परक्याच्या घरात, चार माणसांसमोर. एरवी आवाज न चढवणारा माणूस. तो म्हणाला, आये, मला नाही जमत. साठला हे देणार नाहीत आणि त्याच्या वर मी हो म्हटलं आणि चुकलं तर? सगळा पैसा तुझा आहे. बाबांनी एकदा घालवला, लोकांनी त्यांना मरेपर्यंत बोल लावला. मला तसं नाही व्हायचं. आपण जाऊ या इथून.

मला वाटलं, मीच हे घडवून आणलं, वाट लावली सगळ्याची. आयेने चहाचा कप खाली ठेवला.

"तुझ्या बापान नाय दिलं ते पैसं," ती म्हणाली. "मी दिलं. सकाळचीच वेळ होती. बिल्डर बोलला, मावशी, आज तुम्हीच पहिल्या. तुझा बाप म्हनत होता, विचार करून सांगतो. मी त्याचा हात धरून बसवला."

अल्पेश तिच्याकडे वळून बसला.

ती सांगत गेली. घर बुडाल्यावर लोक दारात आले तेव्हा ती बोलायला उठली होती. रामचंद्रांनी तिला डोळ्याने गप्प केलं आणि म्हणाले, माझीच चूक. बाजारात बसणारी बाई आहे, उद्या तिच्या हातचा भाव कोण मानेल, एवढंच त्यांनी घरात सांगितलं. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मी ह्या घरात इतकी वर्षं आहे, मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि बघते तर शेठाणीही पदराने डोळे पुसत होत्या, हातात डाळीचा डबा.

अल्पेश कसाबसा म्हणाला, मग तू आज परत तशीच बसलीस? परत?

"बुडलं तेच्या दुसऱ्या दिशी टोपली उचलली का नाय मी?" आये म्हणाली. "माल कधी सडतो, कधी विकतो. तो मानूस खोटा होता, म्हनून सगळ्या सकाळी खोट्या नाय होत. आनी पैसं माझं हाय, पोरा. बुडलं तर माझं बुडलं. तू माझी टोपली डोक्यावर घेऊन फिरतोस इतकी वर्सं. खाली ठेव ती."

अल्पेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या जवळ जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने हात काढले, डोळे लाल झालेले, पण चेहरा वेगळा होता. तो चेहरा मला ओळखीचा होता. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना असतो तसा. फोन त्याने खिशात टाकला, तक्ता न बघता शेठकडे वळला आणि म्हणाला, "ऐंशी. बायकोच्या आणि आयेच्या, दोघींच्या नावावर."

भीमराजने माझ्याकडे पाहिलं. त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं की शेठ ब्याऐंशीपर्यंत उतरतील, ते मी अल्पेशला सांगितलं नव्हतं. शेठ हात जोडून देव्हाऱ्याकडे वळले, पुटपुटले, आणि म्हणाले, ऐंशी तर ऐंशी, बोहनी आहे. मग लगेच दुकानदार जागा झाला आणि म्हणाले, पण पंखे मी घेऊन जाणार. आये म्हणाली, पंखे राहतील. पंखे राहिले.

आयेने कमरेचा बटवा सोडला आणि एक नोट काढून शेठच्या हातावर ठेवली. खरे पैसे पुढे बँकेतून जायचे, ते गेले. ऋतिकाला अल्पेशने फ्लोटिंग सांगितलं आणि बटणाचं विचारलं नाही. पण ती पहिली नोट शेठनी दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. तिला माशांचा वास येत असणार, आमच्या घरच्या सगळ्या नोटांना येतो. त्या शुद्ध शाकाहारी माणसाने नाक मुरडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. नंतर आम्ही डाळभात जेवलो, भीमराजसुद्धा. त्याने तीनदा भात घेतला.

निघताना ठरल्याप्रमाणे लिफ्टने खाली यायचं होतं. जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट. आम्ही आत शिरलो, ती हलली, आणि तिसऱ्या मजल्यापाशी खट् करून आवाज आला. मग घासल्यासारखा आवाज, तो थेट खालपर्यंत. मुलुंडचं घर ह्याहून बारीक आवाजावर गेलं होतं. अल्पेशने भिंतीला कान लावला, तसाच उभा राहिला, आणि खाली आल्यावरही दार उघडून बाहेर पडेना. मी आयेचा हात घट्ट धरला. बाहेर जिन्याने आधीच उतरलेला भीमराज हात जोडून, मान खाली घालून उभा होता, नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीत.

आयेने विचारलं, काय झाला रे?

"ब्रेक घासतोय," अल्पेश म्हणाला. "किती महिने कोणी हात लावलेला दिसत नाही. येत्या रविवारी हत्यारं घेऊन येतो. आपल्या लिफ्टला असा आवाज बरा नाही."